धापोड्यांचं अख्खं पान

"हात कोनाचे हायेत, तेवढं सांग," मायाबाईंनी पुन्हा विचारलं आणि मोबाइल रागिणीच्या ताटाला असा टेकवला, की त्याची कड वरणात जाता जाता राहिली.

"तुमचे हायेत. मी कुठं नाही म्हणून राहिली?"

"मंग नाव काहून तुयं हाये?"

रागिणीने हातातला घास खाल्ला, सावकाश चावला आणि मग सासूला समजावून सांगितलं, की पान तिचं आहे, लिहिलं तिने, फोटो तिने काढले. ज्यांचे आभार मानायचे त्यांचे तिने पानाच्या अगदी तळाशी मानलेले आहेत. आईंनी एकदा तळापर्यंत जाऊन बघावं.

"तळाले कोन जाते व? गंजाच्या बुडाले लागलेलं कोनी वाढून घेते का?"

पियुष म्हणाला, आई, जेवू दे ना तिला. मायाबाई म्हणाल्या, तू जेव बापा, तुयं तेवढंच काम हाये. रागिणीचे सासरे नत्थुजी यांनी ताटातली मिरची या कडेची त्या कडेला केली. बडनेऱ्याला रेल्वेत सगळी नोकरी काढलेला माणूस, गाडी येताना दिसली की रुळावरून बाजूला व्हायचं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि घरात ते तेच करत.

भांडण पेटलं होतं सकाळच्या एका फोनवरून. अकोल्याच्या बायकांच्या एका मंडळाने रागिणीला सोमवारी बोलावलं होतं. 'रागिणीची चूल' या तिच्या वेबसाइटवरचं ज्वारीच्या धापोड्यांचं, म्हणजे पातळ पापडांचं, पान म्हणे त्या सगळ्यांनी वाचलं होतं, आणि आता त्यांना ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मोठा पडदा लावणार होते. रागिणीने फोन ठेवून ही बातमी हसत हसत घरात सांगितली. आपल्या सासूला ती सांगते आहे, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं.

त्या पानावर एकाखाली एक फोटो होते. ज्वारी भिजलेली, ज्वारी दळलेली, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पिठाचा पातळ घाटा शिजतो आहे, ओल्या धोतरावर घाटा पसरला जातो आहे. पसरणारे हात मायाबाईंचे होते. करंगळीजवळ भाजल्याचा डाग, उजव्या मनगटात हिरव्या बांगड्यांत अडकलेली एक तांब्याची. मनगटाच्या वर फोटो कापलेला. तोंड कुठंच नव्हतं. पानाच्या डोक्यावर मात्र एक तोंड होतं, रागिणीचं, केस मोकळे सोडलेलं.

"परवा धापोड्यायले सगळ्या येतील," मायाबाई उठता उठता म्हणाल्या. "त्यायलेच दाखवतो. पाहू दे घरादाराले, हात कोनाचे आन् तोंड कोनाचं."

"दाखवा ना," रागिणी म्हणाली. "पण मोबाइलवर तुकडे नका दाखवू. तुमाले पाहिजे तेवढं दाखवसान आन् बाकीचं झाकसान."

हे शेवटचं वाक्य मायाबाईंच्या मनाला कुसळासारखं टोचून राहिलं.

*

धापोडे ही काही मायाबाईंना माहेराहून मिळालेली विद्या नव्हती. त्यांचं माहेर पातूरजवळचं. तिथे त्यांच्या आईला धड कुरोड्या जमत नसत. वलगावच्या गावंड्यांच्या घरात सून म्हणून आल्यावर त्यांच्या सासूने पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना घाट्याच्या गंजासमोर बसवलं. गरम घाट्यात बोटं बुडवायची आणि कापडावर अशी ओढायची, की खालचा दोरा दिसला पाहिजे. पहिल्या वर्षी त्यांचे दोन्ही हात भाजले. सासूने खोबरेल तेल दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं.

चार-पाच उन्हाळ्यांत त्यांचा हात असा बसला, की मायाबाईंचा धापोडा तोंडासमोर धरला तर पलीकडचा माणूस ओळखू यायचा. भाजला की पांढराशुभ्र फुलायचा. पण वानोळा म्हणून तो नातेवाइकांकडे जायचा तेव्हा सासू सांगायची, माझ्या हातचे आहेत. मायाबाई तिथेच उभ्या असायच्या, परातीला हात लावून. एकदा सासूच्या भावजयीने विचारलंसुद्धा, की ही नवी सून काय करते. सासू म्हणाली, कपडे वाळू घालते.

पुढे नत्थुजींच्या नोकरीमुळे बिऱ्हाड अमरावतीला आलं, त्यांनाही सरकारी कार्यालयात टायपिस्टची जागा मिळाली. मराठी टायपिंग त्यांचं असं चालायचं, की साहेब सांगायचा थांबला तरी मशीन थांबायचं नाही. कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्या बायका रडल्या, मायाबाई परीक्षा देऊन पास झाल्या. पण दर उन्हाळ्यात रजा काढून त्या गच्चीवर गंज मांडत, आणि सासू खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, माझे धापोडे आहेत.

सासू गेली तेव्हा तेरवीला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, आता धापोडे कोण करणार. मायाबाई म्हणाल्या, मीच तं करत होतो. त्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, अशा चेहऱ्याने चहा प्यायला. तरीही हळूहळू नाव बसलं. 'मायाचे धापोडे' असं लोक म्हणू लागले. एवढं नाव कमवायला त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आणि मग पियुषचं लग्न झालं, अकोल्याची रागिणी आली, पहिल्या उन्हाळ्यात मोबाइल घेऊन गच्चीवर उभी राहिली आणि म्हणाली, आई, हात तसेच ठेवा, एक फोटो घेते.

पान निघालं तेव्हा मायाबाईंनी मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडलं. तो कॉम्प्युटर त्यांचाच होता. इतका जुना, की विकतचं काही त्यावर चालत नसे, म्हणून पियुषने त्यात फुकटचं लिनक्स आणि फायरफॉक्स घालून दिलं होतं. ज्यांची घडण कुणालाही उघडून पाहता येते अशी ही सॉफ्टवेअर, त्यांना कुणी मालक नाही, असं त्याने समजावलं तेव्हा मायाबाई म्हणाल्या होत्या, मंग ते माह्यासारखेच हायेत, राबतात आन् नाव नाही.

पानाखाली वाचणाऱ्यांना लिहायला जागा होती. मायाबाईंनी नवा ईमेल काढला, खातं उघडलं आणि नाव घातलं, 'एक सुगरण'. पहिल्यांदा त्यांनी खरोखर चूकच दाखवली. कापड पिळून घ्यायचं असतं हे रागिणीने लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रागिणीचं उत्तर आलं, 'धन्यवाद ताई, सुधारलं.' पान सुधारलंही. सून आपल्याला ताई म्हणते आणि आपलं ऐकते, याची मायाबाईंना त्या दिवशी एवढी गोडी लागली, की त्या दुपारच्या झोपेवर पाणी सोडून पुन्हा बसल्या.

मग त्यांनी लिहिलं, की मिठाचा अंदाज चुकला आहे. मग लिहिलं, की लिहिणारीने स्वतः कधी गंज उतरवलेला दिसत नाही. रागिणीने धन्यवाद म्हणायचं सोडलं तेव्हा 'एक सुगरण' जास्तच बोलू लागली. आपण लिहिलेल्या प्रत्येक मजकुराखाली मायाबाईंना बारीक अक्षरांत 'दुरुस्त करा' आणि 'काढून टाका' असे शब्द दिसत. सुरुवातीला त्यांनी एकदोनदा दुरुस्त केलंही. नंतर ते शब्द पानावरच्या रेघांसारखे सवयीचे होऊन गेले.

आणि एका दुपारी, रागिणीचं काहीतरी कौतुक पियुषने जेवताना केलं म्हणून, त्यांनी लिहिलं: 'अकोल्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवूनही ज्या घरात पाळणा हलत नाही, त्या घरचे धापोडे कोण शुभकार्याला नेईल?'

ते वाचून रागिणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून रडली. मायाबाईंनी जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. लोकायचं तोंड कोन धरते पोरी, म्हणाल्या. अशी घान येत असन तं ते पानच बंद करून टाक. रागिणीने पान बंद केलं नाही. ती विचार करत बसली, की दवाखान्याचं कुणाला माहीत आहे. घरच्या चौघांखेरीज फक्त अपेक्षाला माहीत होतं, तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला, जी अकोल्यात प्रत्येक वेळी तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेली होती. रागिणीने अपेक्षाला फोन करून जे बोलायचं ते बोलून टाकलं. अपेक्षा नंतर कितीतरी दिवस फोन करत राहिली, रडत राहिली. मायाबाईंनी तो रडण्याचा आवाज फोनच्या स्पीकरवरून, भिंतीपलीकडून ऐकला, आणि कणीक मळायला घेतली.

*

तुकडे नका दाखवू म्हणते, तर अख्खंच दाखवावं, असं मायाबाईंनी ठरवलं. दुपारी रागिणी गीतांजली नावाच्या शेजारणीकडे शिवणाच्या मशीनसाठी गेली, तशा त्या मागच्या खोलीत बसल्या. फायरफॉक्समध्ये पानावर उजवं बटण दाबलं की चित्र घ्यायची सोय आहे, आणि तिथे पडद्यावर दिसतं तेवढंच नाही, वरपासून खालपर्यंत पूर्ण पान एका चित्रात जतन करता येतं, हे त्यांनी कुणालाही न विचारता शोधून काढलं.

पहिलं चित्र आलं ते पाहून त्यांचं डोकं फिरलं. वरचे फोटो होते आणि खाली जिथे जिथे त्यांचे हात असायला हवे तिथे राखाडी चौकोन. त्यांना वाटलं, रागिणीने काढून टाकले. मग थोडं शांत होऊन त्यांनी त्याबद्दल वाचलं तेव्हा कळलं, की अशा पानांवर फोटो वाट बघत बसलेले असतात. वाचणारा खाली उतरत जाईल तसे ते उघडतात. कुणी उतरलंच नाही तर ते येतच नाहीत. म्हणून आधी एकदा पान बुडापर्यंत खाली न्यायचं, सगळे फोटो येऊ द्यायचे, आणि मग चित्र घ्यायचं.

मायाबाईंनी खालच्या बाणाची कळ दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या सुपातला लसूण निवडत राहिल्या. पान आपोआप सरकत गेलं, त्यांचे हात एकामागून एक उघडत गेले, मग कमेंटा गेल्या, मग तळ आला. लसूण संपला तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मजकूर वाचायचं काही कारण नव्हतं, तो त्यांना पाठ होता.

या खेपेला चित्र नीट आलं. लुगड्यासारखं लांब. राजकमल चौकाजवळच्या एका छपाईच्या दुकानात त्या ते पेनड्राइव्हवर घेऊन गेल्या. दुकानदार म्हणाला, काकू, खालच्या कमेंटा कापून टाकू, कागद वाचेल. मायाबाई म्हणाल्या, एक रेघ कापायची नाही. जसं हाये तसं पाहिजे, नाहीतर म्हणतील मायानं झाकलं.

*

धापोड्यांच्या दिवशी उजाडायच्या आत गच्चीवर गंज चढला. वलगावहून नत्थुजींची मोठी बहीण पार्वताबाई आली, मायाबाईंची जाऊ माणिकबाई आली, भाचेसून भावना आली, आणखी दोघी-तिघी नात्यातल्या. जुनी धोतरं भिजवून, पिळून अंथरली गेली. कुणी घाटा काढून देई, कुणी पसरे. ऊन चढायच्या आत धोतरं भरायची असतात, तोवर कुणी फार बोलत नाही. रागिणी या वर्षी पसरायला बसली होती. मायाबाईंनी तिच्या धोतराकडे एकदा पाहिलं. जाड होतं, पण फाटलेलं नव्हतं.

काम उरकल्यावर सगळ्या सावलीला बसल्या आणि उरलेला गरम घाटा जवसाचं तेल घालून खायला घेतला. रागिणीचं शेवटचं धोतर अजून थोडं बाकी होतं, ती उन्हातच होती. मायाबाईंनी हात धुतले, खालून गुंडाळी आणली आणि बायकांच्या मधोमध ती सोडली. कागद गडगडत भिंतीपर्यंत गेला.

"हे काय व?" माणिकबाईने विचारलं.

मायाबाईंनी सांगितलं. सुनेचं इंटरनेटवरचं पान आहे, जे अकोल्याच्या बायका वाचतात आणि तिला बोलावतात. अख्खं आहे, वरपासून खालपर्यंत, मी स्वतः काढलं. माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या हातानं, पियुषलेबी विचारलं नाही. आता पाहा.

बायका कागदाच्या दोन्ही बाजूंनी सरकल्या. हात कोणाचे हे सांगायची गरज पडली नाही. करंगळीचा डाग भावनाने ओळखला, तांब्याची बांगडी माणिकबाईने. हे तं मायाचे हात, सगळ्या म्हणाल्या. मग डोक्यावरचा रागिणीचा फोटो पाहून माणिकबाई हसली आणि म्हणाली, बाई व, हात सासूचे आन् मुंडकं सुनेचं, गणपतीच बसवला म्हना की. सगळ्या हसल्या. हसणं उन्हात बसलेल्या रागिणीपर्यंत गेलं. तिने मान वर केली नाही, धोतरावर बोटं ओढत राहिली, पण बोटं आता एकाच जागी फिरत होती. मायाबाईंनी ते पाहिलं आणि घाट्याचा एक घास घेतला. इतक्या वर्षांत त्यांना घाटा असा गोड लागला नव्हता.

हसून झाल्यावर बायका पांगल्या असत्या. पण पार्वताबाईची सवय अशी होती, की हाती आलेला कागद ती सोडत नसे. चौथी शिकलेली बाई, वर्तमानपत्र वाचलं तर खालचं छापखान्याचं नावही मोठ्याने वाचायची. ती कागदाच्या कडेने बूड सरकवत सरकवत, बोट ठेवून वाचत निघाली. ज्वारी भिजवली, दळली, शिजवली. मग कमेंटा सुरू झाल्या. सुंदर ताई. फार छान. माझ्या आजीची आठवण आली. तिने एकेक वाचली.

"एक सुगरण," ती वाचू लागली. "कापड पिळून घ्यायला हवं. दुरुस्त करा. काढून टाका."

मायाबाईंनी घास तसाच धरला.

पार्वताबाई पुढे सरकली. पुढची कमेंट दुसऱ्या कुणाची, तिच्याखाली काही नव्हतं. मग पुन्हा एक सुगरण, मिठाचा अंदाज, आणि दुरुस्त करा, काढून टाका. मायाबाई म्हणाल्या, बाई, राहू द्या ना आता, घाटा थंडा होऊन राहिला. पार्वताबाई म्हणाली, होऊ दे, आणि बोट पुढे नेलं.

"एक सुगरण. अकोल्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवूनही ज्या घरात पाळणा हलत नाही, त्या घरचे धापोडे कोण शुभकार्याला नेईल. दुरुस्त करा. काढून टाका."

वाचून झाल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं. भावनाने तोंडाला पदर लावला. दवाखान्याचं या बायकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं.

"हे दुरुस्त करा, काढून टाका, ह्या एकीच्याच खाली काहून हाये?" पार्वताबाईने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रागिणी उन्हातून उठून आली. हात घाट्याने भरलेले, ते तिने तसेच अंगापासून दूर धरले होते. ती कागदावर वाकली आणि तिने त्या बारीक शब्दांकडे पाहिलं, मग वरच्या कमेंटेखालच्या शब्दांकडे, मग त्याच्याही वरच्या. तिला वेळ लागला नाही. पान तिचंच होतं.

"ज्यानं लिवलं त्यालेच ते शब्द दिसतात, आत्याबाई," ती म्हणाली. "आपलं लिवलेलं बदलाले. दुसऱ्या कोनाले दिसत नाही. मलेबी असे दिसत नाही."

माणिकबाईने हिशेब सगळ्यात आधी केला, कारण ती जाऊ होती.

"मंग हे पान कोनाच्या कॉम्प्युटरवरून काढलं म्हने?"

हे सगळ्यांनी घटकाभरापूर्वीच ऐकलेलं होतं. माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या हातानं, पियुषलेबी विचारलं नाही.

मायाबाई म्हणाल्या, मशीनचं काही खरं नसते. मग म्हणाल्या, कोनी माह्या खोलीत येऊन केलं असन. मग त्या रिकाम्या वाट्या गोळा करू लागल्या, कारण त्यांच्या खोलीत दुपारी कोण बसतं हे त्याही ओळखून होत्या आणि बायकाही.

पार्वताबाईने मात्र हातातलं काम पुरं केलं. ती कागदाच्या शेवटपर्यंत सरकली आणि सगळ्यात खालची ओळ वाचली. "शिकवणाऱ्या घरच्या मोठ्यांचे आभार." तिने कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती. "नाव तं नाही व ह्याच्यात," ती रागिणीला म्हणाली.

रागिणी बोटांवरचा घाटा खरवडू लागली. तळाशी जाऊन कुणी बघणार नाही, हे तिलाही माहीतच होतं.

बायका लवकर उठल्या. रिवाज असा, की मदतीला आलेली बाई पहिल्या सुकलेल्या धोतराचा वानोळा सांगून जाते, माझे एवढे ठेवजो म्हणते. त्या दिवशी कुणी काही सांगितलं नाही. शुभकार्याला न नेण्याचे धापोडे, असं जिन्यात माणिकबाई कुणाला तरी म्हणाली, आणि ते वर ऐकू आलं. मायाबाईंना ऐकू आलं आणि रागिणीलाही.

*

दुसऱ्या दिवशी सोडवायला कुणी आलं नाही. धापोडा सोडवताना धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडावं लागतं, मग एकेक पापुद्रा निघतो, आणि ते एकट्या बाईचं काम नव्हे. मायाबाई एकट्याच बसल्या. आदल्या संध्याकाळी पियुषला कळलं होतं. तो आईला काही बोलला नव्हता. फक्त जेवता जेवता त्याने बायकोला विचारलं होतं, की अपेक्षाले आता काय सांगशील. रागिणी म्हणाली होती, तिनं फोन उचलला तं सांगीन. तिनं उचलला नव्हता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रागिणी गच्चीवर आली. तिने पाण्याची बादली जवळ ओढली आणि धोतराच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघींनी मिळून धोतरामागून धोतर सोडवलं. मायाबाई एकदा म्हणाल्या, तुया हाताचेबी बरे झाले. रागिणीने मान हलवली. मायाबाईंना वाटलं, निभावलं. बायकांचं काय, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विसरतील. ही विसरायला लागलीच आहे.

सगळे धापोडे सुपात रचून झाल्यावर रागिणी उभी राहिली आणि मोबाइल काढला. आई, इकडं पाहा, म्हणाली.

मायाबाईंनी वर पाहिलं. फोटो हातांचा नव्हता. त्यांनी घाईने पदर डोक्यावर घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि सूप दोन्ही हातांनी थोडं वर धरलं, की धापोडेही यावेत आणि तोंडही. त्या हसल्यासुद्धा. रागिणीने एक घेतला, मग त्यांना म्हणाली, थोडं उजेडाकडं. त्या उजेडाकडे वळल्या.

*

रविवारी दुपारी चौघं जेवायला बसली. नत्थुजींनी नवे धापोडे भाजायला सांगितले. रागिणीने निखाऱ्यावर भाजून आणले, पांढरेशुभ्र, आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक ठेवला. मायाबाईंच्या ताटात तिने आधी ठेवला. नत्थुजी म्हणाले, वा. दोन दिवसांत घरात कुणी मोकळेपणाने बोललेला तो पहिला शब्द होता.

रागिणीने स्वतःचं ताट घेतलं आणि बसली.

"पानावर आईंचं नाव घातलं," ती म्हणाली. "सगळ्यात वर, माह्या फोटोच्या जागी त्यायचा फोटो लावला. कालचा. खाली मोठ्या अक्षरात, मायाबाई नत्थुजी गावंडे, अमरावती."

मायाबाईंचा हात धापोड्यावर थांबला. पियुषने बायकोकडे पाहिलं.

"आन् खाली जिथं जिथं 'एक सुगरण' होतं, तिथंबी तेच नाव टाकलं," रागिणी म्हणाली. आवाजात काही चढउतार नव्हता, मीठ कुठं ठेवलं ते सांगावं तसं ती सांगत होती. "खातं बंद केलं. आता ते दुरुस्त होत नाही आन् निघतबी नाही."

नत्थुजी म्हणाले, बेटा, लोक वाचतील.

"हाव. उद्या अकोल्याले मोठ्या पडद्यावर तेच पान दाखवनार हाये, बाबा. वरून खालपर्यंत."